‘तुझ्या घरी पाठवतो’

अल्पवयीन मुलामुलींना ऑनलाइन छळणाऱ्यांच्या तऱ्हा अनेक, पण त्यांचं हुकमी वाक्य एकच असतं: ‘तुझ्या घरी पाठवतो.’ फोटो आईला पाठवतो, बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. गोम अशी की, पालकहो, धमकी देणाऱ्याच्या हातातल्या फोटोपेक्षा जास्त ताकद तुमच्या रागात असते आणि तो राग त्याने परस्पर वापरायला काढलेला असतो. मूल पैसे देतं, आणखी फोटो देतं, रात्री दोन वाजता व्हिडिओ कॉल उचलतं. त्या माणसाची भीती असतेच, पण तिच्याहून मोठी भीती घरच्यांची असते. म्हणून पासवर्ड आणि सेटिंग्जचं बोलणं थोडं मागे ठेवू. घरातली भीती कमी झाली की त्या धमकीतली निम्मी हवा तिथेच जाते.

छळ म्हटलं की दूरच्या शहरात बसलेला कुणी लबाड अनोळखी माणूस डोळ्यांसमोर येतो. तो असतोच. पण मुलांना रोज भेटणारा छळ बराचसा वर्गातला असतो. शाळेच्या किंवा ज्युनिअर कॉलेजच्या नावाने निनावी ‘कन्फेशन पेज’ चालतं आणि त्यावर नववीतल्या मुलीबद्दल नाही नाही ते लिहिलं जातं. मुलींच्या शरीराला गुण देणारा पोल ग्रुपवर फिरतो. गॅदरिंगच्या नाचाच्या व्हिडिओतला नेमका एक क्षण थांबवून त्याचं स्टिकर बनतं. गेम खेळताना हेडफोनवर मुलीचा आवाज आला की शिव्यांचा रोख बदलतो. वागण्याबोलण्यात जरा मऊ असलेल्या मुलाला ‘बायल्या’ म्हणून टॅग केलं जातं. दोघांचं जमेनासं झालं की विश्वासाने पाठवलेला फोटो तिसऱ्याच्या फोनवर जातो. आणि आता तर खरा फोटो असण्याचीही गरज उरलेली नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये स्पेनमधल्या अल्मेंद्रालेखो या छोट्या गावात शाळकरी मुलींचे साधे, कपड्यांतले फोटो एआयच्या अ‍ॅपमध्ये घालून नग्न चित्रं बनवली गेली. बनवणारे आणि पसरवणारे गावातलेच मुलगे होते. त्यातल्या एका मुलीच्या आईने, जी पेशाने स्त्रीरोगतज्ज्ञ होती, व्हिडिओ करून जाहीरपणे सांगितलं की यात मुलींचा काडीइतकाही दोष नाही. त्यानंतर इतर मुलींच्या घरचेही पुढे आले. पुढच्या वर्षी न्यायालयाने १५ अल्पवयीन मुलांना एक वर्ष देखरेखीखाली ठेवण्याची शिक्षा दिली.

असं काही घडलं की मुलं काय करतात? बहुतेक वेळा आधी हसण्यावारी नेतात. ‘हे तर चालतंच’ हे वाक्य मुलींच्या तोंडी इतक्या सहज येतं की ऐकणाऱ्याला वाटावं, तिला खरंच काही वाटत नाही. तिला वाटत असतं. ब्लॉक करणं हा दुसरा प्रतिसाद. तो चांगला आहे, पण घाईत चॅटही पुसली जाते आणि पुरावा हातचा जातो. काही जण उलट शिव्या देतात, काही अकाउंटच डिलीट करतात, काही विनवण्या करत बसतात. मुलगे बऱ्याचदा पैसे देतात. अनोळखी ‘मुलगी’ व्हिडिओ कॉलवर येते, कपडे उतरवायला लावते, रेकॉर्डिंग करते आणि पाच मिनिटांत यूपीआयची मागणी येते. पैसे दिले की सुटका होत नाही. देणारा हाताशी आहे, एवढंच समोरच्याला कळतं आणि दुसरी मागणी पहिलीपेक्षा मोठी येते.

सांगायचंच झालं तर मुलं मैत्रिणीला किंवा मित्राला सांगतात. ब्रिटन, डेन्मार्क आणि हंगेरीतल्या १३ ते १७ वर्षांच्या मुलांचं म्हणणं जाणून घेऊन ‘प्रोजेक्ट डी-शेम’ या उपक्रमाने २०१७ मध्ये अहवाल काढला. मोठ्यांना का सांगत नाही, याचं सर्वांत जास्त आलेलं उत्तर होतं लाज. निम्म्याहून थोडी जास्त मुलं तसं म्हणाली. पुढे काय होईल याची धास्ती, तो पुन्हा मागे लागेल ही भीती आणि ‘चूक माझीच’ ही समजूत त्याच्या मागोमाग होती. आपल्याकडे या यादीत आणखी दोन गोष्टी घालाव्या लागतात. ‘माझी शाळा बंद करतील’ ही एक, आणि ‘लग्न उरकून टाकतील’ ही दुसरी. घरात एकच फोन, तोही भावाच्या नावावर, अशा घरातल्या मुलीला ही भीती उगाच वाटत नाही. आजूबाजूला तिने तसं होताना पाहिलेलं असतं. मुलग्यांची अडचण निराळी. ‘पोरगा आहेस, तुला काय होणार?’ असं हसून विचारलं जाईल, म्हणून ते तोंड उघडत नाहीत.

न सांगितलेलं शरीरातून बाहेर येतं. शाळेच्या सकाळी पोट दुखतं, डोकं धरतं, डॉक्टरांच्या तपासणीत काही सापडत नाही. झोप उडते. फोनची रिंग वाजली की दचकायला होतं, किंवा कालपर्यंत हातातून न सुटणारा फोन दोन दोन दिवस कपाटात पडून राहतो. मुलगी अचानक मोठ्या मापाचे कपडे घालू लागते, शिकवणीला जायचा रस्ता बदलते, ग्रुप फोटोत उभी राहत नाही. मुलगा धाकट्या भावंडांवर खेकसतो, किंवा घरातले किरकोळ पैसे हलू लागतात. यातलं एकेक लक्षण या वयात एरवीही दिसतं, म्हणून लगेच चौकशी समिती नेमू नका. अचानक आलेला आणि टिकून राहिलेला बदल मात्र पाहा. रस्त्यावरच्या छेडछाडीला निदान जागा आणि वेळ असते. ऑनलाइन छळ मात्र घराची कडी लावली तरी खिशात असतो आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे पाहून मनात येतं, ‘यानेही तो फोटो बघितला असेल का?’

कॅनडातल्या अमांडा टॉडची हकिगत जगभर माहीत झाली. तिला छळणारा माणूस नेदरलँड्समध्ये होता, तिला कधी प्रत्यक्ष भेटलाही नव्हता. तिने शाळा बदलली तरी तो नव्या शाळेतल्या मुलांपर्यंत तिचा फोटो पोहोचवत राहिला. टोमणे मारायला आणि एकटं पाडायला मग वर्गातली मुलंच होती. २०१२ मध्ये, पंधराव्या वर्षी, तिने आयुष्य संपवलं. त्या माणसाला कॅनडाच्या न्यायालयाने दोषी ठरवलं ते २०२२ मध्ये. शाळा बदलली, गाव बदललं की मिटेल, असं समजणाऱ्या पालकांनी ही हकिगत लक्षात ठेवावी. मुलाला नवी जागा द्यायची असेल तर जरूर द्या, पण आधी तक्रार करून त्या माणसाच्या मागे लागा.

आता पालकांसाठी सर्वांत अवघड भाग: मुलाने सांगितल्यानंतरची पहिली दहा मिनिटं. मूल सांगायला येतं तेव्हा अर्धंच सांगतं. ‘माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत असं झालंय’ अशी सुरुवात असू शकते. ते अर्धं ऐकून तुम्ही काय करता यावर उरलेलं अर्धं बाहेर येणार की नाही ते ठरतं. ‘पण तू पाठवलासच का?’ हा प्रश्न ओठांवर येईल. तो गिळा. आज नाही, या आठवड्यातही नाही. म्हणायचं एवढंच: ‘बरं झालं सांगितलंस. मी तुझ्यावर चिडले नाहीये. आपण मिळून निस्तरू.’ राग आलाच असेल आणि लपत नसेल, तर तो त्या माणसावर आहे हे तोंडाने सांगा. मुलांना चेहऱ्यावरचा राग आपल्यावरच आहे असं वाटतं.

फोटो बघायचा हट्ट धरू नका, विशेषतः वडिलांनी. काय आहे ते मुलीने शब्दांत सांगितलं तरी तक्रारीला सुरुवात करता येते. ‘त्याच्या घरी जाऊन कानाखाली काढतो’ हेही नको. समोरचा सावध होतो, पुरावा पुसतो आणि सूड म्हणून फोटो पसरवतो. मुलाला न विचारता आजी, आत्या, शेजारी यांना सांगू नका. आणि फोन काढून घेऊ नका. ज्या मुलाने हिंमत करून सांगितलं त्याचाच फोन गेला, तर घरातल्या धाकट्यालाही धडा मिळतो की सांगायचं नसतं. पुरावा म्हणून पोलिसांनी फोन ठेवून घेतला तर घरातला दुसरा एखादा साधा फोन द्या आणि ही शिक्षा नाही हे स्पष्ट सांगा.

खरं तर हे बोलणं काही घडण्याआधीच व्हायला हवं. एखाद्या रविवारी जेवताना सांगून टाका: ‘कुणी कधी म्हणालं की तुझ्या घरी पाठवतो, तर त्याला म्हण, पाठव. आम्हाला बघून घेता येतं.’ आई-बाबांशी बोलणं जमत नसेल तर दुसरं माणूस आधीच ठरवून ठेवा. मावशी, काका, मोठी चुलतबहीण, शिकवणीच्या बाई, कुणीही. त्या माणसालाही विचारून ठेवा.

पुढचं काम पुराव्याचं. चॅट पुसायची नाही, अकाउंट डिलीट करायचं नाही, फोन फॉरमॅट करायचा नाही. समोरच्याचं युजरनेम आणि प्रोफाइलची लिंक आजच लिहून घ्या, उद्या नाव बदललेलं असेल. मेसेजचे स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असे घ्या आणि कापू नका. पैसे गेले असतील तर व्यवहाराचा क्रमांक नोंदवा. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट घेतला की समोरच्याला कळतं, तिथे दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट करताना चॅट पुसण्याचा पर्याय बरोबरच येऊ शकतो, तो निवडलेला नाही ना हे पाहा. एवढं झालं की ब्लॉक करा आणि उत्तर देणं पूर्ण थांबवा. एक खबरदारी घ्यायलाच हवी. मुलाचा नग्न फोटो पुरावा म्हणून वकील मित्राला, मामाला, मुख्याध्यापकांना फॉरवर्ड करू नका. अल्पवयीन मुलांचं असं साहित्य बाळगणं आणि पाठवणं हाच गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ च्या निकालात ते आणखी कडक शब्दांत सांगितलं. जे ज्या फोनमध्ये आहे ते तिथेच राहू द्या आणि तो फोन पोलिसांना दाखवा.

तक्रारीचे रस्ते बरेच आहेत. चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक १०९८. पैसे उकळले असतील तर १९३० वर ताबडतोब फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबवण्याची शक्यता जास्त. ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर महिला आणि मुलांविषयीच्या तक्रारींचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार करता येते. मात्र तपास पुढे जावा असं वाटत असेल तर नाव देणं चांगलं. पोलीस ठाण्यात जायचं तर कोणत्याही ठाण्यात जा. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असं उत्तर मिळालं तर झिरो एफआयआर म्हणा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याची तरतूद आहे. पुणे, नागपूरसारख्या शहरांत महिला आणि मुलांना मदत करणारे पोलिसांचे भरोसा सेल आहेत, तिथे समुपदेशनही मिळतं.

पोलीस ठाण्याच्या नुसत्या कल्पनेने पालक मागे फिरतात, म्हणून ‘पॉक्सो’ म्हणजे २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यातली काही कलमं त्यांना माहीत हवीत. मुलाचा जबाब घरी किंवा मूल म्हणेल त्या ठिकाणी घेतला जातो. शक्य तोवर महिला अधिकाऱ्याने तो घ्यायचा असतो, अधिकारी गणवेशात नसावा आणि मुलाच्या विश्वासाचं माणूस जवळ असावं. रात्री मुलाला ठाण्यात थांबवता येत नाही. नाव, पत्ता, शाळा, फोटो, असं ओळख पटवणारं काहीही माध्यमांना छापता येत नाही. हा कायदा मुलग्यांनाही तितकाच लागू आहे. ऑनलाइन वारंवार मागे लागणं, आणि मुलाचं खरं किंवा बनावट चित्र वापरण्याची धमकी देणं, हे दोन्ही त्यातल्या लैंगिक छळाच्या व्याख्येत येतं. एआयने बनवलेल्या फोटोसाठी हे शेवटचं महत्त्वाचं: ‘फोटो खोटाच आहे ना, मग सोडून द्या’ असं कुणी म्हणालं तर त्याला हे दाखवा.

शाळांना इथे थोडं रोखठोक सांगायला हवं. ‘शाळेच्या पातळीवर मिटवून घेऊ, दहावीचं वर्ष आहे’ ही भाषा कायद्यात बसत नाही. अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणं पॉक्सोने बंधनकारक केलं आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने ती दडवली तर त्याला शिक्षेची तरतूद आहे. राज्यातल्या शाळांत विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समित्या स्थापन करण्याचा शासन निर्णय २०२२ चा आहे. तुमच्या शाळेत ती समिती कागदावर आहे की तिच्या बैठकाही होतात, हे पालकसभेत विचारा. वर्षातून एकदा होणाऱ्या सायबर सुरक्षेच्या व्याख्यानांबद्दलही माझी तक्रार आहे. ‘मुलींनो, फोटो टाकू नका’ असा सगळा सूर, आणि मागच्या बाकांवर बसलेल्या मुलांना ‘तुम्ही फॉरवर्ड करू नका’ असं एक वाक्यही नाही.

फोटो काढून टाकण्यासाठी आधी त्या त्या अ‍ॅपमध्येच रिपोर्ट करा आणि कारण निवडताना ‘नग्नता’ आणि ‘अल्पवयीन’ असे नेमके पर्याय घ्या. ‘आवडलं नाही’ असा मोघम पर्याय घेतला तर तक्रार मागे पडते. आपल्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी नग्न किंवा बनवलेल्या अशा चित्रांच्या तक्रारीवर कंपन्यांना २४ तासांची मुदत घालून दिली. याशिवाय ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे, अमेरिकेतल्या हरवलेल्या व शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय केंद्राची. फोटो त्यांच्याकडे पाठवायचा नसतो. तो तुमच्याच फोनवर राहतो, त्यापासून एक सांकेतिक क्रमांक तयार होतो, आणि सहभागी अ‍ॅप त्या क्रमांकाशी जुळणारं चित्र शोधून काढतात. इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट त्यात आहेत. व्हॉट्सअ‍ॅपच्या खासगी चॅटमध्ये फिरणाऱ्या फोटोवर याचा इलाज चालत नाही. तिथे पोलिसांची तक्रारच लागते.

पुढचा परिच्छेद घरातल्या मुलांना वाचायला द्या.

तू फोटो पाठवला असशील, व्हिडिओ कॉलवर काही केलं असशील, खोटं बोलून अकाउंट उघडलं असशील, तरीही धमकी देणारा गुन्हेगार आहे. तू नाहीस. पैसे पाठवू नकोस, आणखी एकही फोटो पाठवू नकोस, ‘शेवटचा एक’ असं तो म्हणाला तरी नाही. तो दर दहा मिनिटांनी उलटी गिनती पाठवेल. घाई करायला लावणं हे त्याचं काम आहे, फोन उलटा ठेव आणि एका मोठ्या माणसाकडे जा. ते माणूस चिडलं किंवा त्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याकडे जा, १०९८ ला स्वतः फोन कर. मैत्रिणीने किंवा मित्राने तुला असं काही सांगितलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नकोस. ‘मी तुझ्याबरोबर येतो’ किंवा ‘येते’ म्हण. ग्रुपवर कुणाचा फोटो आला तर पुढे पाठवू नकोस, हसणारा इमोजी टाकू नकोस, रिपोर्ट कर, आणि जमलं तर तिला किंवा त्याला एक मेसेज टाक की तू त्यांच्या बाजूने आहेस. आणि जगावंसं वाटत नाही असं मनात येत असेल तर १४४१६ वर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला आत्ता फोन कर. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतून बोलता येतं.

पालकांनीही हा विषय टाळू नये. मूल हताश दिसत असेल तर ‘मरावंसं वाटतं का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर हो असेल, किंवा उत्तरच आलं नाही, तर त्या रात्री मुलाला एकटं झोपू देऊ नका आणि दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

एक शक्यता आपण कुणीच धरून चालत नाही: पलीकडचा मुलगा आपलाच असेल. पोल त्याने बनवला, फोटो त्याने पुढे ढकलला, ग्रुपचा अ‍ॅडमिन तोच. अशा वेळी ‘पोरखेळ आहे’ म्हणून पांघरूण घालू नका, तसंच पट्टाही काढू नका. त्या मुलीच्या घरी जाऊन तक्रार मागे घ्यायची गळ घालणं तर मुळीच नको, तो नवा छळ ठरतो. ग्रुपमधलं काहीही पुसायला लावू नका, वकिलाचा सल्ला घ्या, आणि मुलाने काय केलं ते त्याच्या तोंडून पूर्ण ऐका. अल्पवयीन आरोपीचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं आणि तिथे समुपदेशनाचा मार्ग असतो. त्याला दुरुस्त करायचं असेल तर मुळात काय घडलं हे त्याने मान्य करायला हवं, आणि ते घरी मान्य करवून घेणं तुमचं काम आहे.

तक्रार केली म्हणजे महिनाभरात सगळं मिटतं असं नाही. अ‍ॅपकडून माहिती यायला वेळ लागतो, तारखा पडतात, आणि काढलेला फोटो सहा महिन्यांनी दुसऱ्याच अकाउंटवरून पुन्हा वर येऊ शकतो. ही शक्यता मुलाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तेव्हा पहिल्याइतका धक्का बसत नाही. तक्रारीची पोचपावती, एफआयआरची प्रत (ती मोफत मिळते), तपास अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर, अ‍ॅपला केलेल्या रिपोर्टचे स्क्रीनशॉट हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. फोटो पुन्हा दिसला तर नव्याने कहाणी सांगायची गरज नाही, जुना क्रमांक देऊन त्याच अधिकाऱ्याला कळवायचं. मधल्या काळात मूल नाचाच्या क्लासला परत जायचं म्हणालं, नवा डीपी ठेवला, मैत्रिणींबरोबर रील केलं, तर करू द्या. परीक्षेत गुण कमी पडले किंवा यायला उशीर झाला, तर त्या भांडणात हा विषय काढायचा नाही.